ज्येष्ठांच्या गावात हजेरी कोण घेतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



गेली चौदा-पंधरा वर्षं मी पुण्याच्या वेशीवरच्या एका ज्येष्ठ नागरिक वसाहतीत राहते. कुठल्याही लग्नकार्याला गेले, की पंगतीत शेजारी बसलेली बाई मला दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला मोठ्यानं, “तिथे दिवसभर तुम्ही करता तरी काय हो?” आणि दुसरा आवाज खाली आणून, “मुलानं ठेवलंय का तिथे?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मला कोणी ठेवलेलं नाही. आमचा पेठेतला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. यजमानांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. मुलगा कॅनडात, मुलगी बंगळूरला. दोघांनीही “आमच्याकडे या” म्हटलं, मनापासून म्हटलं. पण तिथे जाऊन खिडकीत बसून काय करायचं? २०११ साली आम्ही पेठेतली जागा विकली आणि इथे छोटी जागा घेतली. २०१६ साली यजमान गेले. मी राहिले.

वृद्धाश्रम आणि अशी वसाहत यांत पुष्कळ लोकांची गल्लत होते. पुण्याला ‘निवारा’सारखी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली संस्था आहे, ज्यांना आधार नाही त्यांना आसरा देणं हे तिचं काम. ज्येष्ठांच्या वसाहतीत माणूस आपलं कुलूप, आपली किल्ली, आपला गॅस घेऊन राहतो. घर कुठे मालकीचं असतं, कुठे मोठी ठेव ठेवून राहण्यापुरतं मिळतं. वर दरमहा देखभालीचे पैसे भरायचे. त्यात साफसफाई, पहारा, भोजनगृह, डॉक्टरची फेरी, रुग्णवाहिका अशा सोयी येतात. हे स्वस्त नाही, हे आधीच सांगते. पेन्शन असलेल्या, गावात एखादं घर विकता येणाऱ्या माणसांचं हे काम आहे. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही, त्यांची संख्या कितीतरी मोठी.

वाळवंटातलं पहिलं गाव

ही कल्पना मूळची आपली नाही. अमेरिकेत ॲरिझोना नावाच्या कोरड्या, उन्हाच्या राज्यात फिनिक्स शहराजवळ १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ नावाची वसाहत लोकांना पाहण्यासाठी उघडली. डेल वेब हे तिचे बांधकाम व्यावसायिक. तिच्या शेजारीच ‘यंगटाउन’ नावाचं निवृत्तांचं गाव १९५४ पासून होतं. पण सन सिटीनं एक युक्ती केली. नमुन्याची पाच घरं बांधली आणि त्यांच्या बरोबरीनं गोल्फचं मैदान, दुकानं आणि करमणुकीचं केंद्र आधी उभं केलं. म्हणजे घर घ्यायला आलेल्या माणसाला भिंतींच्या आधी दिनक्रम दाखवला. पहिल्या तीन दिवसांत लाखभर लोक पाहायला आले होते असं सांगतात. निवृत्ती म्हणजे आरामखुर्ची, ही समजूत तिथे मोडली.

आपल्याकडे हे वारं यायला पुढची चाळीस वर्षं लागली. मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशननं नेरळजवळ, माथेरानच्या पायथ्याशी अशी वसाहत उभी केली. पुण्यात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘अथश्री’ आली आणि मग पाठोपाठ बऱ्याच आल्या. पुण्यातच हे इतकं का रुजलं, याचं कारण शोधायला लांब जायला नको. हवा बरी, दवाखाने जवळ, आणि प्रत्येक इमारतीत चार घरांतली मुलं परदेशात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात तर दर दहांत जवळजवळ एक.

दिवसभर करता काय?

आता पंगतीतल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते.

पहाटे साडेपाचला आमच्याकडे चपलांचे आवाज सुरू होतात. चालणाऱ्यांचे तीन गट आहेत. भरभर चालणारे, सावकाश चालणारे, आणि बाकापर्यंत चालून बसून बोलणारे. तिसऱ्या गटात मी. साडेसहाला हॉलमध्ये योगासनं. त्यात निम्मे खुर्चीवर बसून करतात. आठला नाश्ता. पोहे, उपमा, इडली, आणि गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. नऊच्या सुमाराला वाचनालयात वर्तमानपत्रांवरून रोजची लढाई. शब्दकोडं पेनानं कोण सोडवून ठेवतं, याचा तपास गेली दहा वर्षं चालू आहे.

दुपारी साडेबारा ते दीड जेवण. दीड ते चार वसाहतीत चिडीचूप. चार वाजता चहा, कॅरम, रमी, ब्रिज. ब्रिजवाले स्वतःला उच्चवर्णीय समजतात. पाचला सोमवारी भजन, बुधवारी जुना चित्रपट, शुक्रवारी व्याख्यान. श्रावणात मंगळागौरीची गाणी. फुगड्या आता हातानंच, पाय जमिनीवर ठेवून. गणपती दहा दिवस. कोजागिरीला मसाला दूध, थंडीत हुरडा. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. दिवाळीत आम्ही बायका कर्मचाऱ्यांच्या घरांसाठी फराळ करतो. चकल्या कोणाच्या मोडल्या यावरून पुढे संक्रांतीपर्यंत अबोला असतो. तिळगूळ देऊन तो मिटतो.

आणि समित्या! भोजन समिती, बाग समिती, सांस्कृतिक समिती, तक्रार समिती, आणि तक्रार समितीविरुद्ध तक्रार करायची तर कुठे, असं विचारणारे एक माजी न्यायालयीन अधिकारी. भोजन समितीवर माणूस दोन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही. कोल्हापूरकडच्यांना आमटी पाणचट लागते, कोकणातल्यांना नारळ कमी पडतो, रक्तदाबवाल्यांना मीठ नको, आणि मधुमेहवाल्यांना शिरा हवा असतो.

हे सगळं ऐकून पंगतीतली बाई म्हणते, “मजाच आहे की तुमची!” मजा आहेच. मीही बरीच वर्षं असंच समजत होते, की भरगच्च फलक म्हणजे चांगली वसाहत. माझा हा समज एका सोमवारी दुपारी गेला. ती हकीकत सांगण्यासाठीच खरं तर मी इथे आले आहे.

रिकामी खुर्ची

आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. साखर कारखान्यात इंजिनिअर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खरं नाव सांगत नाही. पत्नी गेल्यानंतर ते एकटे आले. सुरुवातीला प्रत्येक व्याख्यानाला तिसऱ्या रांगेत बसायचे, प्रश्न विचारायचे. मग पाचव्या रांगेत दिसायला लागले. मग दाराजवळ. मग दिसेनासे झाले. जेवणही डब्यानं खोलीवर मागवू लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, “वाचन चाललंय.” आम्ही म्हटलं, असेल. माणसाचा स्वभाव असतो.

२०१७ सालातल्या एका रविवारी आमच्या सांस्कृतिक समितीनं नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. समितीची चिटणीस मी. हॉल भरला, जादा खुर्च्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या हौसेनं फलकावर लिहिलं, ‘रसिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. मी ते लिहीत होते तेव्हा अण्णा न्हाणीघराच्या फरशीवर पडून होते. रविवारी रात्री दहाला पाय घसरला होता. सोमवारी बाराच्या सुमाराला जेवणाचा डबा द्यायला आलेल्या मुलाला नाश्त्याचा डबा दाराबाहेर तसाच दिसला. त्यानं बेल वाजवली, पहारेकऱ्याला बोलावलं, दार उघडलं. चौदा तास.

न्हाणीघरात धोक्याची घंटा होती. ओढायची दोरीही होती. पण फरशी पुसताना ती ओली होते म्हणून कोणीतरी तिची गाठ मारून वर अडकवून ठेवली होती. उभ्या माणसाच्या खांद्याएवढी उंच. पडलेल्या माणसाचा हात तिथवर कसा पोहोचणार?

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, की पडल्यानं होणाऱ्या इजेइतकंच मदतीवाचून तासन् तास जमिनीवर पडून राहणं वाईट. अंगातलं पाणी कमी होतं, दबलेले स्नायू खराब होतात, आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. अण्णा त्यातून वाचले. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “रात्रभर वाटत होतं, कोणीतरी येईल. मग वाटलं, का म्हणून येईल? मी तरी कुठे जातो कोणाकडे?”

मी घरी आले आणि माझी कार्यक्रमांची वही उघडली. वक्ते कोण, मानधन किती, श्रीफळ किती, उपस्थिती किती, सगळं लिहिलेलं होतं. उपस्थितीपुढे आकडे होते. नावं नव्हती. कोण आलं नाही, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

ऐकू येतं, पण कळत नाही

अण्णा का येईनासे झाले, याचा उलगडा मला थोडा उशिरा झाला. खरं तर तो मलाच आधी व्हायला हवा होता. मी टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर. जुन्या टेलिफोनवरून माणसाचा सगळा आवाज येत नसे. साधारण तीनशे ते तीन हजार चारशे हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज तारेतून जायचा. वरचा, बारीक भाग गळून पडायचा. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरं त्या वरच्या भागात फार असतात. म्हणून ‘साने’ म्हटलं की ‘फाने’ ऐकू यायचं आणि आम्ही विचारायचो, “स सशाचा का?”

म्हातारपणी कानाचं नेमकं हेच होतं. बारीक सुरांची ऐकण्याची शक्ती आधी जाते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतंय मला, पण तुम्ही स्पष्ट बोलत नाही.” त्याचं खरं असतं. ओरडून बोलल्यानं उपयोग होत नाही. फक्त स्वर मोठे होतात. आणि आमच्या हॉलला सगळीकडे गुळगुळीत फरशा, मोठ्या काचा, उंच छत. आवाज घुमतो. वर पंखे. अशा हॉलमध्ये शंभर माणसं हसली, की न ऐकू आलेला माणूस आधी उगाच हसतो, मग हसायचं सोडतो, मग यायचं सोडतो. अण्णांच्या तिसऱ्या रांगेपासून दारापर्यंतच्या प्रवासाचा अर्थ हा होता.

गंमतीची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञगटानं २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोके मांडले. त्यांत ऐकू कमी येणं आहे आणि एकलकोंडेपणही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये एकटेपणाच्या प्रश्नावर एक आयोगच नेमला.

बाकीची कारणं आम्ही घरोघरी जाऊन विचारली तेव्हा कळली. कार्यक्रमाला न येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कार्यक्रम आवडत नव्हते. एका माईंना दर तासाला बाथरूमला जावं लागे आणि मधल्या रांगेतून उठायची लाज वाटे. एका काकांना अंधार पडल्यावर नीट दिसत नव्हतं, म्हणून साडेसातचा कार्यक्रम नको. एका वहिनींच्या यजमानांना विसरण्याचा आजार सुरू झाला होता. त्यांना एकटं सोडता येईना आणि घेऊन आलं तर मध्येच मोठ्यानं बोलतील ही भीती. आणि पुरुषांपैकी कितीतरी जण सभासमारंभाला कायम बायकोबरोबर गेलेले. ती गेल्यावर कोणाच्या शेजारी बसायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आम्ही काय बदललं

फार खर्चाचं काही केलं नाही. हॉलला जाड पडदे लावले, व्यासपीठाशेजारी चांगला ध्वनिवर्धक आणला आणि वक्त्याच्या तोंडावर दिवा ठेवला. कारण कमी ऐकू येणारा माणूस ओठ वाचतो. दाराजवळच्या दोन रांगा उठूनबसून करणाऱ्यांसाठी राखल्या. तिथून उठलं तर कोणी मान वळवायची नाही, असा अलिखित नियम. कार्यक्रम पाचला सुरू, साडेसहाला समाप्त. विसरण्याचा आजार असलेल्यांसाठी सकाळी अकराला वेगळी बैठक. जुनी गाणी, शेंगा सोलणं, वाती वळणं. हातांना जे आठवतं ते डोक्याला आठवत नसलं तरी चालतं. तेवढ्या तासात त्यांच्या घरचं माणूस केस कापून येतं किंवा नुसतं झोपतं.

न्हाणीघरातल्या दोऱ्या सगळ्या खाली सोडल्या. फरशीपासून वीतभर अंतरापर्यंत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकानं दोरी ओढून घंटा वाजवून पाहायची. त्या दिवशी सकाळी वसाहतीत देवळासारखा घंटानाद असतो.

आणि दारावर पाट्या आल्या. रात्री झोपताना कडीला लाकडी पाटी बाहेरून अडकवायची, सकाळी साडेआठच्या आत काढून घ्यायची. त्यानंतर जिथे पाटी दिसेल तिथे मजल्यावरचा माणूस बेल वाजवणार. सभेत यावर खूप वाद झाला. सैन्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “मी काय होस्टेलातला पोरगा आहे, माझी हजेरी घ्यायला?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आयुष्यभर स्वतःच्या मर्जीनं राहिलेल्या माणसाला हे टोचणारच. शेवटी ठरलं, की ज्याला हवी त्यानं पाटी लावावी. नको असेल त्यानं रोज एका शेजाऱ्याला फोन करावा. दोन्ही नको असेल तर तसं सांगावं, कोणी रागावणार नाही. काकांनी पाटी घेतली नाही. पण रोज सकाळी सव्वाआठला ते माझं दार वाजवून “ऑल ओके?” विचारतात. म्हणजे हजेरी देत नाहीत, घेतात. मला चालतं.

तेव्हापासून माझ्या वहीत आकड्यांऐवजी नावं असतात. भजनाला कोण येत नाही, चहाला कोण दिसलं नाही, कोणाचा डबा दोन दिवस खोलीवर जातोय. गाण्याचा, पत्त्यांचा, हुरड्याचा उपयोग करमणुकीला आहेच. पण त्याहून मोठा उपयोग हा, की त्यामुळे रोज कोणीतरी कोणाच्या तरी दृष्टीला पडतं. पूर्वी वाड्यात नळावर, ओट्यावर, जिन्यात हे काम आपोआप व्हायचं. “आज शेजारच्या काकू दिसल्या नाहीत” हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. इथे ते मुद्दाम करावं लागतं.

फोनचा बोर्ड

या सवयीचा खरा कस २०२० च्या मार्चमध्ये लागला. टाळेबंदी आली. हॉल बंद, भोजनगृह बंद, डबे दाराबाहेर. मुलांना यायला बंदी. आम्ही सगळे साठीच्या पुढचे, म्हणजे सगळेच धोक्यातले. तेव्हा मी माझा जुना बोर्ड पुन्हा मांडला. तारा नव्हत्या, कागद होता. प्रत्येकानं रोज तिघांना फोन करायचा. तिघांपैकी कोणी उचललं नाही तर मला कळवायचं. कमी ऐकू येणाऱ्यांना फोन नाही. त्यांच्या दाराखालून चिठ्ठी सरकवायची, त्यांनी उत्तर लिहून परत सरकवायची.

एक गोष्ट त्यात लक्षात आली. जी माणसं हॉलमध्ये कधी यायची नाहीत, ती फोनवर पाऊण पाऊण तास बोलत होती. गर्दीचं वावडं म्हणजे माणसांचं वावडं नव्हे, हे मला सत्तरीनंतर कळलं. टाळेबंदी उठली, पण काही फोन अजून चालू आहेत. त्या दिवसांत आमची चार माणसं गेली. त्यांच्या अंत्ययात्रेला जाता आलं नाही. आम्ही ठरल्या वेळी आपापल्या खिडकीत दिवा लावून उभे राहिलो, एवढंच.

गाव एकदम म्हातारं होतं

अशा वसाहतीची एक अडचण जाहिरातीत लिहिलेली नसते. नेहमीच्या गावात पोरं जन्मतात, सुना येतात, माणसं बदलत राहतात. आमचं गाव एकदम म्हातारं होतं. आम्ही आलो तेव्हा बहुतेक जण पासष्ट-सत्तरचे. रोपवेनं रायगड पाहून आलो होतो. आता सहल म्हणजे गाडीतून जवळचं देऊळ आणि वाटेत उसाचा रस. नाटक बसवायचं तर पाठांतर होत नाही, म्हणून बसून नाट्यवाचन. समित्यांवर उभं राहायला माणूस मिळेना.

यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे. मोठी कामं फोडून लहान केली. चिटणीसाचं एक काम होतं, ते सहा जणांत वाटलं. खुर्चीला खिळलेले एक आजोबा रोज सकाळी इंटरकॉमवरून दहा घरांना ठळक बातम्या वाचून दाखवतात. हात थरथरणाऱ्या एका आजी वाढदिवसांची यादी तोंडपाठ ठेवतात. ज्याला काम आहे तो येतो. ज्याला नुसतं आमंत्रण आहे तो विचार करतो. अण्णाही असेच परत आले. व्याख्यानाला नव्हे, ध्वनिवर्धकाच्या तारा बघायला. श्रवणयंत्र घ्यायला त्यांनी दीड वर्ष लावलं. आता ते दुसऱ्यांची यंत्रं साफ करून देतात आणि बॅटऱ्या बदलतात.

दुसरा आक्षेप असा, की म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांतच राहणं बरं का? आक्षेप खोटा नाही. सन सिटीमध्येच साठ आणि सत्तरच्या दशकांत तिथल्या निवृत्तांनी शाळांसाठी कर्ज उभारायच्या प्रस्तावांना मतदानात वारंवार विरोध केला. आमची मुलं इथे शिकत नाहीत, मग आम्ही कर का द्यावा, हा त्यांचा सवाल. शेवटी त्या गावाला त्या शाळा-विभागातूनच बाहेर काढावं लागलं. कुंपण घातलं, की असं होऊ शकतं. आमच्या कुंपणाच्या आतही मुलं आहेतच. पहारेकऱ्यांची, झाडलोट करणाऱ्या मावशींची. संध्याकाळी सातनंतर हॉल रिकामा असतो, म्हणून ती तिथे अभ्यासाला बसतात. गणित ब्रिजवाले शिकवतात, इंग्रजी स्पेलिंग माझ्याकडे. ब्रिजवाल्यांचा भाव त्यामुळे पुन्हा वधारला आहे.

जाण्याआधी काय पाहाल?

आपल्यापैकी कोणी अशा जागेचा विचार करत असेल, तर दोन-चार गोष्टी सांगते. इमारतीसाठी आता नियम आहेत. महारेरानं २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले : एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल अशी किमान ९०० मिलिमीटर रुंद दारं, १५०० मिलिमीटर रुंद जिना आणि त्याला दोन्ही बाजूंना आधाराचे कठडे, न घसरणाऱ्या फरशा, धोक्याची घंटा. हे कागदावर पाहा आणि मग जागेवर पाहा. घंटेची दोरी कुठवर येते, ते खाली बसून पाहा.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या नमुना मार्गदर्शक तत्त्वांत बांधणारा, सेवा पुरवणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांच्या कराराची कल्पना आहे. इमारत बांधणारा निघून जातो, जेवण आणि डॉक्टर रोज लागतात. म्हणून करार तिघांचा हवा. अंथरुणाला खिळल्यावर काय, हा प्रश्न स्पष्ट विचारा. इथेच सेवा मिळेल की दुसरीकडे हलवणार, आणि पैसे किती? दोघांपैकी एक गेल्यावर खर्च निम्मा होत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि माहितीपत्रक ठेवून द्या. एक दिवस तिथे जेवा. संध्याकाळी पाचला हॉलमध्ये मागच्या रांगेत बसा. कार्यक्रम कसा आहे ते पाहू नका. शेजारच्याला हळूच विचारा, “आज कोण आलं नाही?” त्याला दोन नावं सांगता आली, आणि ती माणसं का आली नाहीत हेही सांगता आलं, तर ती जागा बरी आहे असं समजा.

मुलांनाही एक सांगणं आहे. आईवडील अशा वसाहतीत राहायला आले म्हणजे तुमचं काम संपलं असं समजू नका, आणि अपराधीही वाटून घेऊ नका. रविवारी फोन कराल तेव्हा “जेवलात का? गोळ्या घेतल्या का?” एवढं विचारून ठेवू नका. “आज कोण भेटलं?” असं विचारा. उत्तरात सलग दोन-तीन आठवडे एकही नाव आलं नाही, तर गाडी काढून या.

मला आता निघायला हवं. सातला मुलं येतील, आणि त्याआधी अण्णांकडे डोकावायचं आहे. काल ते चहाला दिसले नाहीत. काही नसेल, क्रिकेटचा सामना असेल. पण विचारून येते.

नमस्कार.